पेटीला साबणाचा वास

आमच्या साडूंइतका सत्याला चिकटलेला माणूस कोल्हापुरात दुसरा झाला नाही. आणि त्यांचे सत्य एका पांढऱ्या पेटीत राहत असे. ही पेटी त्यांच्या गच्चीवर एका खांबावर बसवलेली होती. चारी बाजूंना तिरप्या झडपा, आत तापमापक, आणि पुढे पाऱ्याच्या जागी विजेचा तापमापक येऊन तारेने आकडा खालच्या खोलीत दिसू लागल्यावर, हवा खेळती राहावी म्हणून जुन्या संगणकातला एक पंखा. ऊन आत शिरू नये आणि हवेची खरी ऊब तेवढी कळावी, एवढेच तिचे काम. दुपारी अडीचला आकडा वहीत उतरे. लग्ने, बारशी आणि मयते यांनी अडीचच्या अलीकडे वा पलीकडे व्हावे, अशी साडूंची अपेक्षा असे.

गुऱ्हाळांचा हंगाम हा त्यांचा वैरी. चुलवाणांची काजळी उडत येऊन झडपांवर बसे. "मळकी पेटी खोटं बोलती," असे ते म्हणत. काळवंडलेला रंग ऊन पितो आणि आकडा उगाच वाढतो. म्हणून दर शनिवारी रिठ्याचे पाणी आणि मऊ कुंचला. साबण वर्ज्य, कारण त्याचा थर राहतो आणि धूळ धरतो. मी एकदा वडी पुढे केली. "साडू, त्यानं तुमचं धोतर धुवा," ते म्हणाले.

त्यांची पत्नी, म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण, हिला आम्ही अक्का म्हणत असू. एका खंडेनवमीला तिने विळी-कोयत्याबरोबर पेटीलाही हळदकुंकू लावले. साडू ओले फडके घेऊन धावले. "अगं, कुंकवानं पारा चढतोय!"

"पारा तुमचाच चढलाय की," अक्का म्हणाली. "पेटी बिचारी गप हाय."

पुढे साडूंच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. भिंग लावून आकडा दिसे, पेटी दिसत नसे. तरी ती धुण्याचा मान त्यांनी कोणाला दिला नाही. बोटांनी चाचपून धूत राहिले.

अक्का वैशाखात गेली, भर दुपारी. माणसे जमली होती. अडीच वाजता साडू तिच्या उशापासून उठले, भिंग घेतले, आकडा वहीत लिहिला आणि परत येऊन बसले. "बायकू गेली आन् ह्यो पारा बघतोय," मागून कोणी तरी बोलले. मी त्याला गप्प केले नाही. माझेही मत तेच होते.

त्या दिवाळीत मी सहज गच्चीवर गेलो आणि पेटी उघडली. बाहेरच्या झडपा लख्ख होत्या. आत मात्र पंख्याच्या जाळीवर काजळीचा जाड थर, कोळिष्टके, आणि पंखा अडकून बंद. खरे ते तोंडावर सांगणे हा माझा आयुष्यभराचा नियम. तो मी मोडला. साडू खाली झोपले होते. न्हाणीतली साबणाची वडी घेऊन मी जाळी धुतली, पंखा सुरू केला.

दुसऱ्या दिवशी साडू म्हणाले, "अडीचचा आकडा एकदम दोन अंशांनी उतरलाय. हवा फिरली म्हनायची."

"फिरली असेल," मी म्हणालो.

त्यानंतर दोन हिवाळे ते जगले. हा विषय पुन्हा निघाला नाही. गेल्यावर वह्या माझ्याकडे आल्या. त्या दिवाळीच्या पानावर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले होते : "पेटीला साबणाचा वास. साडू धुऊन गेले. डोळे अधू झाल्यापासूनच्या सर्व नोंदी अविश्वसनीय. रद्द."

मागची पाने उलटली. पानामागून पान तांबड्या रेघेने खोडलेले. वैशाखातला तो दिवसही त्यांनी वगळला नव्हता. फक्त त्या आकड्याशेजारी एक ओळ होती : "त्या दिवशी खरे किती होते, ते आता कळणार नाही."

उकाडा फार होता. अक्काच्या उशाशी ठेवलेली फुले तासाभरात माना टाकून बसली होती. एवढे मी सांगू शकलो असतो. त्यांनी विचारले नाही.