तापीच्या नावेसाठी चार्जर आणि मधली मी

मागच्या अंकातल्या लेखात माझ्याकडून एक चूक झाली. शहाद्याला एस.टी.त बसले की उन्हाळ्यात थेट नंदुरबारला उतरायचे, वाटेत काही करावे लागत नाही, असे मी लिहिले होते. ते खरे नाही. नदीला पाणी कमी झाले तरी वाळूतून जीप जाते, एस.टी. जात नाही; प्रकाशाजवळ ती अलीकडच्या काठावर थांबते. उतारूंनी आपापले सामान उचलून वाळूतून चालायचे, मधली धार होडीने ओलांडायची आणि पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीत बसायचे. मी ते दादाच्या सांगण्यावरून लिहिले आणि दादा जीपमधून गेला होता, हे विचारायचे राहून गेले. माझ्या भरवशावर कोणी जड ट्रंक नेली असेल तर मी मनापासून क्षमा मागते.

चूक दाखवली विमलवहिनीने. ती दादाची बायको, लग्न होऊन वर्ष झाले. दादा धुळ्याला सरकारी नोकरीत आहे आणि वहिनी आमच्याकडे गावी. लेख वाचून ती मला म्हणाली, "ताई, एस.टी.ले पोहता येस का?" पलीकडच्या खोलीत आमचे आबा मोठ्याने हसले. माझ्या लेखातल्या कुठल्याच वाक्याला ते तसे हसले नव्हते.

आबा म्हणजे माझे वडील. आमची इंजिनाची नाव आहे. पावसाळ्यात तापी भरली की अलीकडच्या गावांचा कापूस, केळी आणि आजारी माणसे तिच्यातूनच पलीकडे जातात. इंजिन बॅटरीवर सुरू होते आणि पुढचा दिवाही तिच्यावरच लागतो. बॅटरी भरायचा चार्जर काठावरच्या आमच्या पंपघरात होता. होता म्हणायचे, कारण तो जळला. आमच्याकडे विहिरीचे पाणी भाऊबंदांत पाळीने घेतात. पाळी आली की पाट पूर्ण उघडायचा, घडी वाया घालवायची नाही, हे लहान पोरालाही कळते. आबांनी विजेलाही तोच न्याय लावला. वीज आली की बटण शेवटपर्यंत फिरवायचे. बॅटरीच्या पाट्या वाकल्या आणि चार्जरमधून धूर निघाला. पावसाळ्याआधी दोन्ही नवे हवेत, नाहीतर नाव काठावरच बसणार. बॅटरी धुळ्याहून दादा पाठवणार होता. चार्जर मात्र आबांना स्वतः पाहून घ्यायचा होता.

मला अक्षरे आबांनीच शिकवली, नावेच्या फळीवर खडूने. शाळेत नंतर गेले. इंजिनाच्या पुस्तकातले इंग्रजी मी त्यांना वाचून दाखवायची. त्यांना आता जवळचे बारीक दिसत नाही, म्हणून बॅटरीचे सगळे पाहणे माझ्याकडे आले होते. त्यामुळे नंदुरबारला चार्जर आणायला दोघांनीच जायचे, असे मी गृहीत धरले. वहिनी तेव्हा माहेरी लोणखेड्याला होती आणि खरे सांगते, ते दिवस मला बरे वाटत होते.

निघायच्या आदल्या दिवशी आबा म्हणाले, "वाटवर लोनखेडं शे. तिले बी संगे ली लेऊत."

"कसाले?" मी विचारले.

"तिन्हा भाऊनी गिरनी शे. बॅटऱ्यास्नं तिले समजस."

दमणीला पहाटे बैल जुंपले. शहाद्यापर्यंतचा रस्ता उसातून आणि केळीतून जातो, पण सावलीच्या आशेने छत्री घरी ठेवू नका. ऊस सावली देत नाही, वारा मात्र अडवतो. पाण्याची बाटली जवळ ठेवा. लोणखेड्याला वहिनीच्या माहेरी मुक्काम केला. कळण्याची भाकरी, शेवेची भाजी आणि मिरचीचा ठेचा असा बेत होता, आणि तो इतका चांगला झाला होता की मला दोष काढायला जागा सापडली नाही. आत स्वयंपाकघरात वहिनी भावाशी खणखणीत आवाजात भांडत होती, "तू कव्हय मीटर पाहस? पट्टा तुटना का मंग पाहस!" ओट्यावर बसलेले आबा कान देऊन ऐकत होते. मग ती ताट घेऊन बाहेर आली, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, आणि तिच्या तोंडातून चकार शब्द निघाला नाही.

आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नाही. सासराही सुनेशी बोलत नाही. दोघे एकाच खोलीत असले तरी मध्ये कोणीतरी लागते, आणि आमच्या घरात ते कोणीतरी म्हणजे मी. वहिनी माझ्याकडे पाहून बोलते, आबांना सगळे ऐकू येते, तरी मी तेच पुन्हा बोलेपर्यंत ते थांबतात. मग ते मला उत्तर देतात आणि मी ते वहिनीला. वर्षभरात मी यात तरबेज झाले. आबांच्या तोंडून वहिनीचे कौतुकही मलाच तिच्यापर्यंत न्यावे लागते. "सांग तिले, भाजी झकास शे," हे मी त्या रात्रीही नेले.

सकाळी शहाद्याहून एस.टी. पकडली. उजव्या बाजूला बसा, डावीकडे ऊन येते. मी उजवीकडची खिडकी धरली होती, पण वहिनीला गाडी लागते, म्हणून आबांनी मला उठवून तिला खिडकीत बसवले. तिला उलटी झाली नाही. मी वाट पाहत होते असे नाही, पण लक्ष होते.

प्रकाशाला देवळांचे कळस दिसले की गाडी थांबते. वाळू तापायच्या आत चालून घ्यावे, चपला हातात घेऊ नयेत. होडीत आबा नावाड्याशी फळ्यांबद्दल बोलत होते. वहिनी हळूच मला म्हणाली, "यास्नी नाव आपली परीस हलकी शे, म्हनीसन उथय पानीमा चालस." मी ते आबांना सांगितले. आबा वहिनीकडे न पाहता मला म्हणाले, "बराबर. ध्यान शे तिन्हं." लहानपणापासून त्या नदीत वाढले मी. नाव उथळ पाण्यात का चालते, ते मला माहीत नव्हते असे नाही. फक्त मला कोणी विचारले नव्हते.

नंदुरबार जवळ आले की आधी नाकाला कळते. गावाबाहेर मिरच्यांच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात, लाल रान दिसते आणि शिंका सुरू होतात. ओला रुमाल बरोबर असू द्या. स्टेशनाकडच्या रस्त्यावर चहा-भजी चांगली मिळतात, तिघांचे रुपयाच्या आत भागते. भजी गरम आहेत का ते विचारून घ्या. आम्ही विचारले नाही.

दुकान बाजाराच्या गल्लीत होते. दुकानदार गोरा, गोल आणि बोलका. त्याने तीन चार्जर पुढे ठेवले. एक गॅरेजसाठीचा मोठा, कपाटाएवढा. एक मधला, बिनमीटरचा, आमच्या जुन्यासारखाच. एक लहान पेटी, वर काचेत मीटर आणि फिरवायचे बटण, त्यावर पायऱ्यापायऱ्यांच्या खुणा.

मी प्रत्येकावरची पत्र्याची पट्टी वाचून आबांना अर्थ सांगितला. किती व्होल्टची वीज आत जाते, किती बाहेर येते. आबा मान डोलावत होते आणि वहिनी पाठीमागे गप्प उभी होती. माझा त्या प्रवासातला तेवढाच वेळ चांगला गेला.

"मोठं दे रे भाऊ," आबा म्हणाले. "वीज घडीभर येस. तितल्यामा बॅटरी भरी जावाले पाहिजे."

"बरोबर बोललात काका! मोठं घ्या ना, पुन्हा येणंच नको," दुकानदार म्हणाला.

मला त्याच वेळी शिंकांनी बेजार केले. डोळ्यांतून पाणी वाहू लागले म्हणून मी गल्लीच्या टोकाला नळावर तोंड धुवायला गेले. परत आले तेव्हा मोठा चार्जर गोणपाटात घातला होता आणि दुकानदार सुतळीने गोणपाट शिवत होता. आबा खिशात हात घालून उभे. वहिनी लहान चार्जरजवळ, त्याच्या काचेवर बोट टेकवून. तिच्या पदराचे टोक चोळामोळा झाले होते. मला पाहताच ती घाईघाईने बोलली.

"ताई, आबास्ले सांगा, रातले समदास्ना पंप बंद व्हतस, तव्हय व्होल्टेज चढस. हाई मोठं यंत्र बॅटरीले उकयी टाकी. लहान ल्या, मीटरवालं. रातले काटा चढना का एक पायरी खाले उतारता येस. लेकरूनं तोंड पाहीसन घास देवाना."

दुकानदाराची सुई थांबली. आबांनी सगळे ऐकले होते, ते चार हातांवर उभे होते. तरी ते माझ्याकडे पाहत थांबले.

मी गप्प राहिले असते तर मोठा चार्जर घरी आला असता आणि कोणाला काही कळले नसते, हा विचार माझ्या मनात आला. पण निरोप खराब करायची मला भीती वाटते, लहानपणापासून वाटते. मी तिचे बोलणे जसेच्या तसे आबांना सांगितले. बॅटरी उकळून जाईल हेही सांगितले, घासाचेही सांगितले.

"मंग हाई पहिलेच काबर नही सांगं तिनी?" आबांनी मला विचारले.

वहिनी मला म्हणाली, "कोनले सांगू, ताई? तुम्ही नळवर व्हतात."

दुकानदार खो खो हसला. "काका, ही तुमची मुलगी टेलिफोन ऑफिसात आहे का? इकडची लाइन तिकडे लावून देते! ती मुतारीला गेली की तुमचं घर बंद!"

आबाही हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "लहान दे."

शिवण उसवून मोठा चार्जर बाहेर निघाला. दुकानदाराने लहानाच्या मीटरचा काटा हलतो का ते आमच्यासमोर लावून दाखवले, हे महत्त्वाचे आहे. तुम्हीही घेताना लावून पाहा, नुसती पेटी पाहून घेऊ नका, आणि आपल्या बॅटरीचा आकार त्याला आधी सांगा.

परतीच्या होडीत चार्जर माझ्या पायांमध्ये होता. वहिनी पलीकडच्या टोकाला पाण्यात हात घालून बसली होती. आबा नावाड्याचे वल्हे पाहत होते. मग मला म्हणाले, "तू गई म्हंजे हाई माले कोन सांगी?"

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, माझे लग्न आहे. सासर नदीपासून लांब आहे, तिथे नाव नाही. आबांनी माझ्या जाण्याचा विषय तोपर्यंत एकदाही काढला नव्हता आणि मी त्याची वाट पाहत होते. काढला तो असा. माझी उणीव त्यांना भासणार, ती वहिनीचे शब्द पोचवायला कोणी नसेल म्हणून. मी पाण्याकडे तोंड केले आणि उन्हाने डोळे दुखतात असे सांगितले.

घरी येऊन आठवडा झाला. चार्जर पंपघराच्या भिंतीवर, पाण्याचा शिंतोडा उडणार नाही इतक्या उंचीवर बसवला आहे. बॅटरीही धुळ्याहून आली. या प्रवासाबद्दल कोणी विचारले तर मी सांगते की नंदुरबारची भजी गार होती आणि चार्जर योग्य मिळाला. दोन्ही खरे आहे. मनात मात्र राहिली ती वहिनी, काचेवर बोट टेकवून उभी. मी नळावर होते तेवढ्या वेळात समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांना एक वाक्य बोलता आले नाही. मी गेल्यावर पंपघरातही तेच होणार. रात्री काटा चढेल, तो वहिनीला दिसेल, बटणावर हात आबांचा असेल आणि दोघे माझी वाट पाहतील.

हे मी मोठ्या मनाने लिहीत नाही. वहिनीचा मला अजून हेवा वाटतो. ती त्या पंपघरात राहणार आहे आणि मी नाही. आबांच्या आणि तिच्या मधली जागा तेवढी माझी उरली आहे, आणि ती मला सोडवत नाही. त्यांनी बोलायचे नाकारले तर नवी बॅटरीही जाईल, ही धास्ती वेगळीच.

वायरमन रविवारी, हनुमान जयंतीला येणार. पहिल्यांदा चार्जर सोमवारी लावायचा आहे. आबा बटणापाशी आणि वहिनी दिवा धरून मीटरपाशी, असे ठरले आहे. मी मध्ये उभी राहून आकडा सांगायचा, असेही सगळ्यांनी धरले आहे. मी अजून कोणाला काही बोललेले नाही. सोमवारी, वीज आल्यावर आबा मला हाक मारतील, तेव्हा मी जाणार नाही.