वरच्या खाचराची माती

माझं माहेर जिल्ह्याच्या पूर्वेला, कालव्याखालचं. काळी जमीन इतकी खोल, की विहीर खणताना निघालेली माती टाकायची कुठे, हाच प्रश्न पडायचा. तिथून लग्न होऊन मी हिर्डोशीत आले आणि सासरचं डोंगरउतारावरचं सगळ्यात वरचं भातखाचर पाहून मला हसू आलं. आमच्याकडे बांधावरसुद्धा याहून जास्त पिकतं, असं नवऱ्याला ऐकवलंही. नाकाने कांदे सोलायची खोड तेव्हा मला होती.

पहिल्याच उन्हाळ्यात मी पराक्रम केला. खालच्या खाचराच्या कोपऱ्यात मातीचा मोठा ढीग होता. गोवऱ्या रचायला जागा हवी म्हणून दोन दिवस खपून मी तो उपसला आणि ओढ्यात लोटून दिला. सासूबाई लेकीकडून परतल्या, तेव्हा ती मोकळी जागा मोठ्या हौसेने दाखवली. त्या मटकन खालीच बसल्या.

पावसात वरच्या खाचरातून वाहून आलेली माती होती ती. दर उन्हाळ्यात ती पाट्यांनी परत वर न्यायची, तेव्हा तिथे भात उभं राहायचं. नाहीतर तिथे नुसता कातळ. यंदा माझ्यामुळे ते खाचर पडीक राहणार होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन त्या कोरड्या ओढ्यात उतरल्या आणि दगडांच्या फटींतली माती खरवडू लागल्या. मीही उतरले. पंधरा दिवस आम्ही दोघी डोक्यावर पाट्या घेऊन ओढा ते वरचं खाचर वरखाली करत होतो. माझी मान पार अवघडून गेली.

"असं किती वर्षं करताय, आत्याबाई?"

"म्या हितं आले तवापास्नं. माज्या सासूनंबी केलं," त्या म्हणाल्या. "तुमच्यात जिमीन आयती मिळती. आमाला ती दरसाल करावी लागती."

मी त्या एवढ्याशा तुकड्याकडे बघतच राहिले. माहेरी एकरी किती उतरलं यावर गप्पा रंगायच्या, पण अख्खं शेत माणसांनी डोक्यावरून आणलेलं असू शकतं, हे कधी मनात आलं नव्हतं.

लावणीच्या दिवशी वरच्या खाचरात पाणी साठलं. मातीचा थर मागच्या वर्षीपेक्षा पातळच होता. सगळे चिखलात उतरले, मी मात्र बांधावरच उभी. इतक्या बायांनी वाहिलेल्या त्या मातीवर पाय ठेवायला मन धजेना.

सासूबाईंनी रोपांची जुडी माझ्यापुढे धरली.

"उतर की. तुजीबी माती हाय त्यात."