खिडकीतला कावळा

वाईत घाटाजवळच्या धर्मशाळेत आम्ही गल्लीतली माणसं शाळा अर्धवट राहिलेल्यांसाठी दहावीचा वर्ग चालवायचो. शेजारीण चहा आणायची, मी गणित शिकवायचे. चाळिशीचा एक ट्रॅक्टरवाला रोज खिडकीशी बसायचा. बाहेरच्या कठड्यावर एक कावळा असायचा. तो माणूस त्याला बिस्किटाचा तुकडा पुढं करायचा; कावळा ढुंकूनही बघायचा नाही.

"या वयात दहावीचं मनात कसं आलं?" मी एकदा विचारलं.

"वडलांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवंना, बाई. मी म्हटलं, सोडलेली शाळा पुरी करतो. तवा शिवला."

"म्हणजे हाच तो? अभ्यास बघायला येतो होय?" मी हसले.

"न्हाई. त्यो तवाच गेला. ह्यो तुमी आला की येतोय, तुमी उठला की जातोय."

माझं हसू तिथंच विरलं. माझ्या आईच्या पिंडाला कावळा शिवलाच नव्हता. दुपार टळल्यावर भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला होता. हे मी वर्गात कुणाशी कधी बोलले नव्हते.

तो माणूस पास झाला, वर्गाला सुट्टी लागली. कावळा आता माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसतो. मी रोज त्याच्यापुढं एकेक गोष्ट कबूल करून बघते. तो हलत नाही.