मामाच्या कॉम्प्युटरची फवारणी

माझा पुंजाराममामा कपाशीवर फवारायचा, तेव्हा पंपात एकच औषध घातलेलं मी कधी पाहिलं नाही. अळीचं, तुडतुड्याचं, बुरशीचं आणि वरून पानं हिरवीगार व्हायचं टॉनिक, सगळं एकाच पंपात काडीनं ढवळून. "कोन्या किड्याले काय लागू होईन, सांगता येत नाई," हे त्याचं शास्त्र. मूर्तिजापूरजवळचं वावर बटईनं कसायला देऊन मामा-मामी अमरावतीत राजापेठेत राहायला आले, पण ती सवय सोबत आली. आणि निघाली कुठं, तर कॉम्प्युटरवर.

मी त्यांच्या वरच्या खोलीत राहते, गल्लीतल्या पोरींना गणित शिकवते आणि मामावर चिडते. चिडायचं काम मला एकटीला करावं लागतं, कारण जमुनामामीला आता बोलता येत नाही. गळ्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. नुसती हवा निघते. काम पडलं की ती पोळपाटावर लाटणं वाजवते. हळू वाजलं तर 'इकडं या', जोरात वाजलं तर 'हे काय करून राहिले?' मामाच्या वाट्याला बहुतेक जोराचंच येतं.

पण हीच मामी एकेकाळी भुलाबाईची गाणी म्हणायला लागली की पलीकडच्या गल्लीतल्या पोरी धावत यायच्या. ऑपरेशनच्या आधी आचलनं, म्हणजे मामाच्या मुलीनं, हुशारी केली. आईला बसवून सगळी गाणी घरच्या कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवली. तेव्हापासून कोजागिरीपर्यंतच्या भुलाबाईच्या महिन्यात मामा रोज संध्याकाळी स्पीकर खिडकीत ठेवतो. मामीचा आवाज पुढं, पोरी मागं. मामी दारात बसून लाटण्यानं ठेका धरते. कॉम्प्युटर सुरू करायचा मान मामाचा. दुसऱ्या कोणी बटणाला हात लावला की त्याच्या अंगाची लाही लाही होते.

यंदा समोरच्या श्यामभाऊच्या कॉम्प्युटरमधले लग्नाचे सगळे फोटो व्हायरसनं खाल्ले. 'खाल्ले' हा शब्द ऐकला आणि मामातला शेतकरी ताडकन उठून बसला.

"रागिणी, तुया मामीचा आवाज खाल्ला त मंग?"

"मामा, अँटिव्हायरस टाक. फुकटातले चांगले मिळतात."

हे बोलले आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मामा बियाणं घेताना जसा दुसऱ्यांची वावरं पाहत हिंडायचा, तसा लोकांचे कॉम्प्युटर पाहत हिंडायला लागला. चहा प्यायचा, पडद्याकडं डोळे बारीक करून पाहायचा आणि विचारायचा, "रिझल्ट कसा हाय?" श्यामभाऊनं एक सांगितला. जावयानं, अमोलनं, पुण्याहून फोनवर दुसरा सांगितला. जावयाचा शब्द मोडायचा कसा? तिसरा बाळापूरच्या साडूनं सांगितला. चौथा कॉम्प्युटरनंच पडद्यावर लुकलुकत सांगितला, आणि मामाला वाटलं, बिचारा स्वतःहून औषध मागून राहिला.

मी बजावलं होतं, एकच टाक. मी शिकवणीला गेले आणि मामानं चारही टाकले.

"अरे बाप्पा! चार?"

"फुकटच त होते. एकाच्या हातून सुटला का दुसरा पकडते."

मामीनं जोरात लाटणं वाजवलं. मामानं ऐकलं नाही. चार दिवस कॉम्प्युटर बैलासारखा रेटत चालला, आणि कोजागिरीच्या आदल्या दिवशी बसला. पडदा काळा, आत नुसता पंखा घरघरतोय. उद्या भुलाबाईचा शेवटचा दिवस, गल्लीभरच्या पोरी येणार, आणि मामीचा आवाज त्या डब्यात कोंडलेला.

मामानं डबा स्कूटरवर माझ्या मांडीवर दिला आणि आम्ही एका दुकानात गेलो. तिथल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "फॉरमॅट मारावं लागते."

"मंजे?"

"सगळं पुसून नवीन."

मामानं डबा उचलला. इतका चिडलेला मामा मी पाहिला नव्हता. "तुया घरचं माणूस पुसशीन काय बे?" असं म्हणून तरातरा बाहेर आला, आणि बाहेर आल्यावर स्कूटरला टेकून उभा राहिला. "मीच केली हो माती," म्हणाला. मला खूप बोलायचं होतं. मी त्याच्या हातातला डबा काढून घेतला.

शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणारे वलीभाई आठवले. रात्र झाल्यानं त्यांचं दुकान बंद झालं होतं, म्हणून कुरकुरत का होईना, ते घरीच आले. कॉम्प्युटर कसातरी अर्धवट सुरू केला, आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"पुंजारामभाऊ, चार चौकीदार ठेवले, आन् चारही एकमेकाले चोर समजून झोंबून राहिले! व्हायरस त एकबी नाई."

"मंग कोनता ठेवू? रिझल्ट कोन्याचा चांगला?"

"विंडोजच्या संगं घरचा चौकीदार येतेच ना. फुकट. तुमी बाकीचे आणले मून तो बिचारा बाजूले होऊन बसला."

काखेत कळसा अन् गावाला वळसा! मी मामाकडं पाहिलं. मामानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं.

वलीभाईंनी चारही काढून टाकले, घरचा जागा केला आणि विचारलं, "गाण्यांची कॉपी हाय ना दुसरीकडं?"

"नाई ठेवली," मामा म्हणाला. "झेरॉक्सची झेरॉक्स काढली का पुसट होते. आवाज बी पुसट होईन."

वलीभाई हसले, समजवायला गेले, पण मामा ऐकेना. गाणी शाबूत आहेत का पाहायला त्यांनी हाताला लागली ती फाइल उघडली. ती आम्ही कधीच ऐकलेली नव्हती. आचलनं काटछाट करून गाणी वेगळी ठेवली होती, ही त्याच्या आधीची, कच्ची. गाणं सुरू झालं. दोन ओळी झाल्या आणि मधेच थांबलं. मग मामीचा आवाज आला, गाण्यातला नाही, रोजचा, करडा.

"अवो! पंखा बंद करा ना! गाणं भरून राहिलो, दिसत नाई काय?"

"केला, केला," म्हणत मामा उठला आणि त्यानं भिंतीवरचं बटण बंद केलं.

मग तिथंच उभा राहिला, बोट बटणावर ठेवून. मामी स्वयंपाकघराच्या दारात होती. ती हसत होती, आवाजाशिवाय, खांदे गदगदा हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग तिनं लाटणं चौकटीवर वाजवलं, हळूच.

मामानं उपरण्यानं तोंड पुसलं.

"वलीभाई, याची कॉपी काढून द्या," तो म्हणाला. "पुसट आली तरी चालते."