ऐंशी किलो, ओले

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की लखनौच्या पूर्वेला, चिनहटमधल्या एका पत्र्याच्या शेडसमोर, नोव्हेंबरातल्या एका रविवारी प्रस्तुत लेखकाचा वजन म्हणून वापर करण्यात आला. वजन म्हणजे वाण्याच्या तराजूत टाकतात तसं. बँकेत सव्वीस वर्षं काढूनही मी इतक्या नेमक्या उपयोगाचा कधी ठरलो नव्हतो.

शेड माझ्या मित्राची. मूळचा कोल्हापूरचा, चांगल्या कंपनीतला इंजिनियर. गोमती नगरात आम्ही एकाच सोसायटीत राहतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं नोकरी सोडली आणि छोटी हॉवरक्राफ्ट बनवायला घेतली. होडी आणि बाथटब यांच्या मधली काहीतरी वस्तू. मागे पंखा, कडेनं रबरी कापडाचा घेर. पंखा घेरात हवा भरतो, त्या हवेवर ती बोटभर वर उचलली जाते आणि मग पाणी, चिखल, रेती, कशावरूनही सरकते. पुरात होडी जिथे रुतते तिथे ही जाईल, चालवणारा एक आणि छपरावरून उतरवलेला एक, असं त्याचं म्हणणं. त्याच्या बायकोचं म्हणणं अधिक थोडक्यात होतं: "पुण्याहून नोकरीचं पत्र आलंय. रविवारी नाही उचललं, तर सोमवारी शेडला कुलूप."

रविवारी पूरमदत खात्यातल्या एक मॅडम बघायला येणार होत्या. अट साधी. चालवणारा, वर ऐंशी किलो, आणि अंगणाची एक फेरी.

शनिवारी तालीम झाली. चार पोती वाळू, प्रत्येकी वीस किलो. मित्रानं ती भंगारवाल्याच्या काट्यावर स्वतः तोलून वर खडूनं आकडे घातले होते. माझ्याकडे वर्तमानपत्राचं खातं होतं. यंत्र वर आलं की घेराखालून कागद सरकवून बघायचा. चारी बाजूंनी सरकला, तर भार पेलला. अडकला, तर तिथे घेर जमिनीला टेकलाय. मी कागद सरकवत होतो आणि दर खेपेला मंगलाष्टकांच्या आवाजात "सरकलाऽऽ" असं जाहीर करत होतो. चौथ्या बाजूला पोत्यांतून उडालेली वाळू थेट माझ्या उघड्या तोंडात गेली. अशी संधी मी सोडत नाही. छाती धरून खाली बसलो, खोकलो, पाणी मागितलं, माझी समाधी लखनौत कुठे बांधावी याच्या सूचना दिल्या. मित्र आणि वहिनी हसत होते. मित्राचा मिस्त्री, साठीचा अदबशीर माणूस, हसत नव्हता. त्याला माझी सवय नव्हती.

रविवारी मॅडम अकराला पाच कमी असतानाच आल्या. मिस्त्रीनं पहाटेपासून अंगण पाण्यानं शिंपून ठेवलं होतं. पाहुणा येणार म्हटल्यावर तो ते करतोच. मॅडमनी खुर्ची नाकारली, चहा नाकारला, ड्रायव्हरला गाडी चालूच ठेवायला सांगितलं. मित्र यंत्रात बसला. मागे चार पोती. इंजिन सुरू झालं, घेर फुगला, थरथरला आणि यंत्र जागच्या जागी बसून राहिलं. मी कागद घातला. फाटला. दुसऱ्या बाजूनं घातला. तोही फाटला. मित्रानं इंजिन आणखी वाढवलं, तेव्हा आवाज वाढला, एवढंच.

"कल तो उठी थी, मैडम," मित्र म्हणाला.

"कल मैं नहीं आई थी."

वहिनींनी पोह्यांच्या डब्याचं झाकण लावून टाकलं. मित्रानं अवजारांची पेटी उघडली, आत पाहिलं, बंद केली. काय करावं ते सुचेना की मी भाषण करतो. उशिरा पेटणाऱ्या इंजिनांविषयी दोन शब्द बोलावेत म्हणून मी पोत्यांवर बैठक मारली आणि ताबडतोब उठलो. पँट मागून चिंब.

"मिस्त्रीजी, ये बोरे गीले कैसे?"

"हम भिगोए हैं, साहब," मिस्त्री अभिमानानं म्हणाला. "कल आप ही तो धूल से मर रहे थे. सुबह से तीन बार पाइप मारे हैं. अब एक दाना नहीं उड़ेगा."

खडूचे आकडे केव्हाच पुसले गेले होते. आम्हाला ते पाठ असल्यामुळे कुणी पाहिलेच नव्हते. ओली वाळू किती भरली असेल, वीसची पंचवीस की जास्त, ते सांगायला काटा हवा, आणि भंगारवाला रविवारी बंद.

"मैडम, एक बोरा उतार दें तो अंदाज़ से..."

"अंदाज़ से मैं कुछ नहीं लेती." त्या गाडीकडे निघाल्या, मग माझ्यापाशी थांबल्या. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आपका वज़न?"

"अठहत्तर."

"कहीं लिखा है?"

लिहिलेलं होतं. बँकेच्या वैद्यकीय तपासणीचा कागद मोबाइलवर होता आणि त्याचं मत वेगळं होतं.

"बयासी," मॅडमनी वाचलं. "ठीक है. बैठिए."

पोती उतरली, मी चढलो. मित्रानं इंजिनाला हात घातला तेवढ्यात त्या पुन्हा म्हणाल्या, "रुकिए. बाढ़ में सूखा आदमी कहाँ मिलता है?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसा कालच्या तमाशाचा हिशेब माझ्याकडेच निघत होता. मी दोन्ही हात पसरले आणि म्हणालो, "मिस्त्रीजी, पाइप लाइए."

"माफ़ कीजिएगा, साहब," मिस्त्री म्हणाला आणि टाळूपासून सुरुवात केली. स्वेटर, कोट, बूट. त्याचं काम नेहमीच मन लावून असतं.

आता कागद कोण सरकवणार? मी तर आत. वहिनींनी चुरगळलेलं वर्तमानपत्र उचललं आणि त्या खाली वाकल्या. इंजिन ओरडलं. पहिली बाजू, कागद गेला. दुसरी गेली. तिसरी गेली. चौथ्या बाजूला अडकला. वहिनी तशाच बसून राहिल्या, कागद धरून, फाटू न देता. मग वर न बघता म्हणाल्या, "भावजी, वीतभर पुढं सरका."

मी सरकलो. कागद सुर्रकन पलीकडे गेला.

यंत्र निघालं. अंगणाची फेरी, शेडला वळसा, परत. मी दातांवर दात आपटत, कुठलीही घोषणा न करता बसलो होतो. मॅडमनी डायरीत दोन ओळी लिहिल्या. "जनवरी में गोमती पर दिखाइए," एवढंच म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. मित्र नुसता स्टिअरिंग धरून बसला होता. दोन वर्षं त्या यंत्राकडे तिरक्या नजरेनं पाहणाऱ्या वहिनी मात्र अंगणाच्या मधोमध, हातातलं वर्तमानपत्र हलवत, मॅडमची गाडी फाटकातून बाहेर पडायच्या आतच ओरडल्या:

"अहो, भावजींना उचललं! आता माझ्या दादाची म्हैस बसवा की!"