पाकिटं मेलेली होती

आमच्या बांधशेजारच्या आक्का कुठलंही पीक वरून बघत नसत. शेत हिरवंगार डोलत असलं तरी वाकून एक रोप उपटायच्या, माती झटकायच्या आणि मूळ डोळ्यांजवळ धरायच्या. "पान कुणाला बी फसवतं बाई, मूळ न्हाई फसवत." मी पाटोद्याच्या शाळेत शिकवत होते, म्हणून गाव मला बाई म्हणे, आणि आक्काही. नातवंडांनो, त्या अंगणात आल्या की तुमचे आजोबा म्हणत, "आक्का आल्या, कुंड्या आत घ्या." एकदा बोलता बोलता त्यांनी आमचा फुलावर आलेला झेंडू उपटला, मूळ बरं आहे असं ठरवून पुन्हा लावला आणि चहा मागितला.

आक्कांचं घर मेंढपाळांचं, शाळा दुसरीपर्यंत. बीडला एका शेतकरी मेळाव्यात त्यांनी ऐकलं की मुळांभोवती डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. काही हवेतला नत्र मुळांच्या गाठींत धरून ठेवतात, काही मर रोगाची बुरशी मुळाशी येऊ देत नाहीत. मी हे परीक्षेत लिहून गुण मिळवले होते आणि विसरले होते. आक्कांनी ते शेतात आणलं. "मेंढरामागं कुत्रं, तसं मुळामागं हे," असं त्या सगळ्यांना समजावत.

हरभरा पेरायच्या दिवशी त्या वस्तीवर घरोघर फिरायच्या. गुळाचं पाणी बियाण्यावर शिंपडायचं, जिवाणूंची काळी भुकटी हलक्या हातानं चोळायची, बियाणं सावलीत वाळवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. कुणी ते उन्हात पसरलं तर म्हणायच्या, "आरं, लेकराला आसं निजवतूस का उन्हात?" त्यांच्या शब्दाखातर आख्खी वस्ती जिवाणू लावू लागली. आक्कांकडे मिरवण्यासारखं एवढंच होतं, तो शब्द.

एका वर्षी सगळ्यांनी जिवाणूंची पाकिटं तालुक्याच्या एकाच दुकानातून आणली. त्या दुकानदाराचं नाव मी इथे लिहीत नाही. तुमच्या आठवणीत त्याला जागा कशाला? महिनाभरात हरभरा माना टाकू लागला. कुणी आक्कांशी भांडलं नाही. एक म्हातारा फक्त म्हणाला, "आक्का, तुमच्या शब्दावर पेरलंतं." त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, असं त्यांच्या सुनेनं मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर दुकानात गेले. दुकानदार गिऱ्हाइकांकडे बघत हसला. "म्हातारीनं बुरशीचं औषध लावलेल्या बियाण्यावरच जिवाणू चोळले असतील. त्या औषधानं ते मरनार न्हाईत तर काय? मेंढरं राखायची सोडून शास्त्र कावून करता, आक्का?" लोक हसले. ही चूक पुष्कळ जण करतात, म्हणून सगळ्यांना ते पटलंही. आक्का मात्र हीच चूक होऊ नये म्हणून घरोघर फिरत असत.

घरी येऊन मी एक रिकामं पाकीट तपासलं. तारखेवर दुसरी चिठ्ठी चिकटवलेली होती. नखानं उचकटली तर खाली मुदत कधीच संपलेली. शिवाय ती पाकिटं उन्हाळाभर पत्र्याखालच्या माळ्यावर पडून होती, हे त्याच्याच नोकरानं सांगितलं. मी म्हटलं, तक्रार करू, मी तीन प्रतींत लिहून देते. आक्का म्हणाल्या, "बाई, कागद फाईलीत मरतो. त्यो मला चार लोकांत हसला. मी त्याला बाजारात धरनार. वरीस जाऊ द्या."

वर्ष गेलं. पुढच्या हंगामात त्याच दुकानातून पाकीट मी आणलं; त्याच्याही तारखेवर तशीच चिठ्ठी होती. मास्तरणीवर कोण संशय घेणार? चांगल्या जिवाणूंचं पाकीट आक्कांनी बीडहून एसटीनं आणलं, ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर ठेवून. माझ्या शेतात शेजारी शेजारी दोन पट्टे पेरले. ऐन थंडीत, आठवडी बाजाराच्या दिवशी, आक्का त्याच्या दुकानासमोर पोतं अंथरून बसल्या. उजवीकडे एका पट्ट्याची रोपं, डावीकडे दुसऱ्याची, सगळी मुळं वर करून.

येणाऱ्याजाणाऱ्याला त्या मुळावरची गाठ अंगठ्याच्या नखानं फोडून दाखवत. उजवीकडची आतून गुलाबी. "ही जित्ती हाय." डावीकडे एखादीच गाठ, तीही हिरवट, आणि मूळ उभं चिरलं की आत काळी रेघ. "ही ह्या समोरच्या दुकानातली." आवाज अजिबात चढवला नाही. पाच बाजार त्या तिथे बसल्या. मी शेजारी बसून उचकटलेली चिठ्ठी दाखवत होते. खरं सांगते, नोकरीत मला इतका आनंद क्वचितच झाला असेल.

सहाव्या आठवड्यात दुकानदार बायकोला घेऊन आक्कांच्या घरी आला. सगळ्यांना नवी पाकिटं देतो म्हणाला. आक्कांनी दोघांना चहा दिला. "पाकिटं नगं. बाजारात हुबा ऱ्हा आन म्हन, पाकिटं मेलेली व्हती, मला ठावं व्हतं." तो बायकोला घेऊन उठून गेला. पुढच्या पेरणीला त्याच्या दुकानात कुणी फिरकलं नाही. त्यानं शटर ओढलं आणि तो बीडला गेला. वस्तीवरचे लोक पुन्हा बियाणं घेऊन आक्कांच्या दारात आले. मी एकदा विचारलं, "जरा जास्तच झालं का?" त्या म्हणाल्या, "एक वाक्य मागितलं व्हतं, बाई. त्याला म्हाग वाटलं."

गेल्या वर्षी आक्का बीडच्या दवाखान्यात होत्या. मी उशाशी बसले होते. कुठून कळलं कोण जाणे, तो दुकानदार आला, केस पिकलेले. खाटेजवळ वाकून हळूच म्हणाला, "आक्का, पाकिटं मेलेली व्हती. मला ठावं व्हतं. माफ करा."

आक्कांनी डोळे उघडले. त्याच्याकडे बघितलं.

"हितं बाजार कुटं हाय?" एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

तो माझ्याकडे बघत उभा राहिला, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी पांघरूण सारखं केलं. पहाटे आक्का गेल्या.