कुसाबाईचा धोंडा

कुसाबाईनं सिंहस्थातल्या साहेबाला टोपलीनं हाणलं म्हणून तिची जागा गेली, असं अख्खा बुधवारचा बाजार सांगतो. साफ खोटं. हाणलं असतं तर जागा राहिली असती. ती गुमान उठली, तिथंच गंडली.

गोदाघाटावर बाजारातल्या जागेला कागद नसतो, धोंडा असतो. आपला धोंडा ठेवून गेलं की आठवडाभर तिथं कुणी बसत नाही. पुरानं धोंडे नेले तरच नव्यानं डाव, जो आधी धोंडा टाकेल त्याची जागा. कुसाबाई पेठहून नागली, म्हणजे नाचणी, आणायची, पिंपळाच्या सावलीत बसायची. २००३च्या सिंहस्थाला घाट मोकळा करायला साहेब आला. गळ्यात शिट्टी, बोलणं नाकातून. "आजीऽ, मेळा संपला की जागा तुमचीच." बाई उठली. वर यात्रेकरूंना ठेच लागायला नको म्हणून धोंडाही घरी घेऊन गेली!

मेळा संपला. पिंपळाखाली मालेगावचा फकिरा, प्लास्टिकच्या बादल्यांसकट.

"मावशी, तुन्हा धोंडा कोठे शे?"

"घरी."

"मंग घर जाईसन बस!"

कुलूपवाले बोहरी चाचा म्हणाले, "जगह तो कुसाबाई की ही है, भई." म्हणाले आणि कुलपं पुसत बसले. सगळ्यांना पटायचं, हलायचं कुणीच नाही. दर बुधवारी ती समोरच्या उन्हात बसायची आणि तेच तेच सांगायची. मी शेजारी भाजी विकता विकता सगळ्यांच्या नकला करायचे. फकिरासुद्धा हसायचा. ती नाही.

"माझा आवाज काढतीस ना? मग त्याच आवाजात माझी जागा माग की त्याच्याकडं!"

झोंबलं मला. म्हटलं, "आता काही मिळत नाही ती. पैज!"

"लाव. हरलीस तर माझी नागली इकायची. तुझ्या सोताच्या आवाजात."

पुढच्या पावसाळ्यात गोदेला पूर आला, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं. ओसरलं तेव्हा घाटावर एक धोंडा शिल्लक नव्हता, नुसता चिखल. बुधवारी फकिरा बादल्या घेऊन उतरला, तर पिंपळाखाली घोटाभर गाळात कुसाबाई. धोंडा पेठच्या एसटीतून मांडीवर आणलेला. कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं म्हणून अजून धुसफुसत होती.

"मावशी, हाई काय?"

"धोंडा आठे शे," कुसाबाई समोरच्या धोंड्यावर थाप मारत म्हणाली. हुबेहूब फकिरा! मानसुद्धा तशीच तिरकी. "घर जाईसन बस!"

फकिरानं बादल्या उचलल्या. मी चिखलात उभी राहून ओरडले, "नागली घ्याऽ, नागली!"

एक गिऱ्हाईक वळेल तर शपथ.

कुसाबाईनं कपाळावर हात मारला. "टवळे, माझ्याच आवाजात वरड!"